इथं अजून बसकं आहे

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी काचतंतूंच्या मॅटचा पहिला तुकडा रेझिनमध्ये भिजवला. अक्षय्य तृतीया आली, घरात पहिला आमरस झाला, तरी गाडीच्या डाव्या दाराचा पॉड, म्हणजे स्पीकर बसवायचं कवच, रंगाला गेला नव्हता. वस्तू म्हणून तो चार संध्याकाळींत उभा राहिला होता. स्पीकर त्यात बसत होता, वाजतही होता. पुढचे सगळे दिवस गेले ते त्याचा वरचा पृष्ठभाग सारखा करण्यात.

‘सारखं करणे’ हा आईचा शब्द. ती अंथरूण सारखं करते, थापलेल्या वड्या वाटीच्या बुडानं सारख्या करते, शेजारच्या मुलीचे केसही सारखे करते. मी जे महिनाभर करत होतो त्याला फिनिशिंग म्हणतात हे मला माहीत आहे, पण घरात कुणी विचारलं की मी आईचाच शब्द वापरायचो.

हे सगळं अण्णांसाठी होतं. अण्णा नाशिकच्या सातपूरला एका प्रेस शॉपमध्ये ३१ वर्षं होते. पत्र्यावर डाय आदळण्याचा आवाज, पाळीमागून पाळी. कानात घालायला त्या कारखान्यात काही मिळत नसे. अण्णा घरून कापूस न्यायचे, आणि साधा कापूस असल्या आवाजाला फारसा अडवत नाही. अशा आवाजानं कान एकदम जात नाहीत. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचा, वरच्या सुरांचा पट्टा जातो आणि त्या काळात माणसाला कळतही नाही, कारण बोलणं ऐकू येत असतं. फक्त स, श, फ, त ही व्यंजनं पुसट व्हायला लागतात. ‘सात’ म्हटलं की अण्णांना ‘हात’ ऐकू येतं. स्वर पोचतो, कडा पोचत नाही. कानाच्या आतल्या ज्या बारीक केसपेशी मरतात त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मशीन घेतलंय. ते घरात लावतात, गाडीत काढून ठेवतात. इंजिनाची घरघर त्यात फार होते म्हणतात.

आणि अण्णा भजनात टाळ धरायचे. निवृत्तिनाथांच्या यात्रेला दरवर्षी त्र्यंबकला पायी. आता गाडीत अभंग लावला की त्यांना मृदंग ऐकू येतो, पेटीचा खालचा भाग येतो, टाळ येत नाहीत. हे त्यांनी एकदाच, सहज सांगितलं होतं, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. मला मात्र ते विसरता आलं नाही.

गाडीच्या दारातला कंपनीचा स्पीकर बसणाऱ्याच्या पोटरीकडे तोंड करून असतो. खालच्या सुरांना त्यानं फरक पडत नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब. ती गुडघ्याला वळसा घालते, सीटलाही घालते. पण ४००० हर्ट्झची लाट साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास भरते आणि साडेसहा इंची स्पीकरचा कोन, म्हणजे हवा ढकलणारा शंकू, तिच्याहून मोठा असतो. लाट लहान, ढकलणारा शंकू मोठा, मग आवाज टॉर्चच्या झोतासारखा नाकासमोर जातो. झोत पोटरीवर पडला तर कानाला काय मिळणार? धडधाकट कान उरलेल्या उजेडावर भागवून घेतो. अण्णांच्या कानाला तेवढी चैन परवडत नाही. त्यांच्या उजव्या हाताला प्रेस असायची, म्हणून डावा कान थोडा बरा राहिलाय. ते गाडीत डावीकडे बसतात. डाव्या दाराच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यात स्पीकर तिरका, वर त्यांच्या कानाकडे तोंड करून बसवायचा आणि त्याच्या शेजारी एक इंची ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, इतकाच विचार होता.

दाराच्या त्या कोपऱ्यात एकही सरळ रेष नाही. लाकडी खोका तिथं बसत नाही. फायबरग्लास बसतो, कारण तो ज्याच्यावर टाकाल त्याचा आकार घेतो. दाराच्या पॅनेलला टेप, त्यावर अॅल्युमिनियमची फॉइल, त्यावर मेणाचं पॉलिश, त्यावर मॅटचे दोन थर. वाळल्यावर पाठीचा साचा सुटून येतो. स्पीकरसाठी एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीची, कडी कापायची, काड्यांच्या आधारानं हव्या त्या कोनात अधांतरी उभी करायची आणि कडीपासून पाठीपर्यंत ताणून कापड बसवायचं. मी जुन्या फ्लीसच्या जॅकेटचं कापड घेतलं. ते रेझिन भरपूर पितं. ताणलेलं कापड आपणहून जो बाक घेतं तो इतका सुरेख असतो की कागदावर काढून तसा जमला नसता. रेझिन पाजलं की तासाभरात तंबूचं कवच होतं, मग आतून ४५० ग्रॅमी मॅटचे तीन थर.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आपल्याकडे रेझिनसोबत बऱ्याचदा दोन बाटल्या वेगळ्या मिळतात, कोबाल्ट आणि हार्डनर. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं, आणि मगच हार्डनर, वजनाच्या शेकडा एक ते दोन. या दोन बाटल्यांतलं एकमेकांत थेट कधी ओतायचं नाही; भडका उडतो. हार्डनर डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावल्याशिवाय ती बाटली उघडू नका. उन्हाचाही हिशेब हवा. नाशिकच्या थंडीत, निफाडकडून गार वारा येतो त्या दिवसांत, रेझिन रात्रभर चिकट राहतं. चैत्राच्या दुपारी तेच रेझिन मगात वीस मिनिटांत तापून गोळा होतं. मगात साठलेलं जास्त तापतं, पसरलेलं कमी. म्हणून थोडं थोडं कालवायचं.

हे झालं म्हणजे हातात काय असतं? टणक, मधमाशीच्या पोळ्याच्या रंगाचं, कुठं कापडाची शिवण वर आलेली, कुठं रेझिनचा ओघळ गोठलेला, कडीच्या काठाला उंबरठा, आणि कुठंकुठं काचेचे तंतू सुयांसारखे उभे. शिवाय वरचा पापुद्रा चिकट, कारण हवेतला ऑक्सिजन या रेझिनच्या वरच्या थराला पुरतं वाळू देत नाही. तो तसाच घासायला घेतला तर घासायचा पेपर मिनिटात बुजतो. आधी अॅसिटोननं पुसून घ्यायचं. मग ४० नंबरच्या पेपरनं घासणं; नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत. पूर्ण बाह्या, मास्क, चष्मा, मनगटाला टेप. तरी तंतू कुठून तरी आत जातातच. अंघोळीला आधी गार पाणी घ्यावं, असं सगळेच जुने कारागीर सांगतात. मी मानतो.

त्या आठवड्यात काम पाच दिवस बंद ठेवलं. सिडकोतलं आमचं घर, वर गच्ची, आणि गच्चीवर आईच्या कुरडया. शेजारणींच्याही. काचेची धूळ आणि वाळवण एका गच्चीवर असूच शकत नाही. पाच दिवसांनी कुरडया डब्यांत गेल्या, मी गच्ची दोनदा धुतली आणि मग पुन्हा पेपर हातात घेतला.

नंतर लांबी. डेंटिंग-पेंटिंगवाले भरणीच्या त्या पेस्टला लांबी म्हणतात, दुकानात पुट्टी म्हणून मिळते. फरशीच्या तुकड्यावर गोळा घ्यायचा, त्यात क्रीमचा हार्डनर शेकडा दोनच्या आसपास, आणि पत्तीनं दाबून दाबून मळायचं. फेटायचं नाही. फेटलं की हवा शिरते आणि पुढं घासताना टाचणीच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात. रंग एकसारखा झाला, कुठं रेघ दिसत नाही, की लगेच लावायचं, कारण हातात चार-पाच मिनिटं असतात. मला यातला आवडता क्षण पुढचा आहे. लांबी पुरती दगड होण्याआधी दहा-पंधरा मिनिटं अशी येतात की ती खरवसासारखी असते. त्यावेळी खरखरीत कानस फिरवली तर तिचे तुरे निघतात, धूळ होत नाही, आणि अर्ध्या तासाचं घासणं दोन मिनिटांत होतं. ती वेळ हुकली की हुकली. बोटाच्या नखानं सारखं टोकून बघत मी बसायचो. आई म्हणायची, दूध बघत बसल्यासारखा बसलायस.

घासायला बोटांनी पेपर धरायचा नाही. बोटं मऊ असतात, मऊ जागी ती खोल जातात आणि चार बोटांच्या चार नाल्या पडतात. बाहेरच्या बाकाला जुन्या रबरी चपलेचा तुकडा पेपरमागे धरायचा. रंगाऱ्यांकडून शिकलेली ही गोष्ट मी अजून बदललेली नाही. ते रबर हवं तेवढंच वाकतं. कडीखालच्या आतल्या खळग्याला पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यावर पेपर गुंडाळायचा. हात तिरपा, मग उलटा तिरपा, फुलीसारखा. एकाच दिशेनं घासलं तर आपण नकळत शेत नांगरत असतो. आणि ही लांबी कोरडीच घासायची. तिच्यात शंखजिऱ्याची भुकटी असते, ती पाणी पिते. पाणी आत राहिलं तर रंगाखाली फोड येतात. पाणी पेपर प्रायमर मारल्यानंतर.

८० झालं, १२० झालं. पॉड एकसारखा पांढुरका दिसायला लागला आणि मला तो सुंदर वाटायला लागला. दोन वर्षांपूर्वी मी इथंच फसलो होतो. तेव्हा पहिला पॉड केला होता, दिवाळीच्या सुट्टीत, घाईनं. उरलेले खळगे थिनरवाल्या एनसी पुट्टीनं जाड भरले आणि दोन दिवसांत रंग मारला. दिवाळीत तो आरशासारखा होता. महिनाभरानं तिरप्या उन्हात एकेक खळगा वर आला. त्या पुट्टीतलं थिनर सावकाश उडतं, तसतशी ती आकसते. कारागीर म्हणतात, लांबी बसली. एनसी पुट्टी पातळ, ओरखड्यांपुरतीच लावायची असते. तो पॉड मी दारावरून काढला आणि माळ्यावर ठेवला. अण्णा म्हणाले होते, चालतंय की रे, कोण बघतंय? पण तो त्यांच्यासाठीच केलेला होता.

त्यानंतर मी काळा फवारा शिकलो. गाइड कोट म्हणतात. काळ्या स्प्रेचा डबा हातभर लांबून नुसता उडवायचा, पृष्ठभाग झाकायचा नाही, तीळ पेरल्यासारखे ठिपके पडू द्यायचे. वाळल्यावर १८० च्या पेपरनं ठोकळा धरून घासायचं. उंच भागावरचा काळा लगेच जातो, खोल जागेतला राहतो. कुठं भरायचं ते पॉड स्वतःच दाखवतो.

पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला माझे हात आठवले. जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात, दगडी हौद, रंगानं काठोकाठ भरलेले. त्यात एकदा बुडी मारली की पुढचे आठ दिवस हातावरचा रंग जात नाही. तळव्याचे उंचवटे दोन दिवसांत स्वच्छ होतात, पण रेषांत, पेऱ्यांच्या सांध्यांत, नखांच्या कोपऱ्यांत तो राहतो. ज्या दिवशी मी कामाला सुरुवात केली त्या दिवशी माझ्या तळहातावर तो नकाशा होता.

आमच्याकडे टूल रूममध्ये याच्या बरोबर उलटं चालतं. मी अंबडला कामाला आहे. सरफेस प्लेटला, म्हणजे अगदी सपाट पाटाला, निळ्याचा पातळ हात द्यायचा आणि जॉब, म्हणजे घडवायचा भाग, त्यावर घासायचा. निळा लागतो तो उंच जागेला. तेवढ्याच जागा स्क्रेपरनं खरवडायच्या, पुन्हा निळा, पुन्हा खरवड. तिथं रंग उंच ते सांगतो, इथं खोल ते. उंच असेल तर काढता येतं. खोल असेल तर भरून, वाळू देऊन, सगळं पुन्हा पहिल्यापासून. मला काळ्याची भीती जास्त वाटते.

तीनदा भरलं, तीनदा काळा फवारला. चौथ्यांदा काळा एका दमात सगळा निघून गेला. मी पॉड खाली आणला आणि अण्णांच्या मांडीवर ठेवला. दाखवायला म्हणून.

अण्णा उठले, कपाटातून पांढरा सुती हातमोजा घेऊन आले. कारखान्यातला. घरी असे दोन जोड आहेत हे मला माहीत होतं, ते गॅसच्या शेगडीजवळ गरम भांडं धरायला वापरतात असं वाटायचं. त्यांनी डाव्या हातात मोजा घातला, तळवा पुरा टेकवला आणि पॉडवरून लांबच्या लांब एकदा ओढला. मग दुसऱ्या दिशेनं. बघत होते ते खिडकीबाहेर. कडीच्या खाली चार बोटांवर त्यांचा हात थांबला.

“इथं अजून बसकं आहे.”

मी वाकून बघितलं. काही दिसत नव्हतं. ट्यूबखाली तिरपं धरलं, तरी नाही. मी मोठ्यानं विचारलं, “कुठं, अण्णा?” त्यांनी माझा हात धरून मोजा माझ्या हातात चढवला आणि तळवा तिथून ओढायला लावला. आणि लागलं. रुपयाच्या दुप्पट जागा, काही नाही म्हणावं इतकी खाली.

मोजा कशाला, असं विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं ते माझ्या वीस वर्षांच्या कामात मला कुणी सांगितलं नव्हतं. उघडा हात चिकटतो, घासण्याचा खरखरीतपणा आधी जाणवतो आणि आकार मागं राहतो. सूत मध्ये आलं की हात घसरतो, खरखर निघून जाते, उरतो तो नुसता चढ-उतार. पत्र्याचे पार्ट ते असेच तपासायचे. बोटाच्या टोकानं बर, म्हणजे काठाला उरलेली धारदार कड, कळतो, खोलगट जागा तळव्यानंच कळते. आणि डावा हात, कारण उजव्याला घट्टे. स्वीडनमधल्या संशोधकांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की बोट फिरवून बघितलं तर माणूस सुमारे १० नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या आणि सपाट पृष्ठभाग यांतला फरक ओळखू शकतो. दहा नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा शंभरावा भाग. आम्ही टूल रूममध्ये एका मायक्रॉनसाठी जीव टाकतो. फक्त हात हलता हवा. नुसता टेकवून ठेवला तर त्याला इतकं बारीक कळत नाही.

मी हे अण्णांना सांगायला गेलो. अर्धं त्यांना ऐकू आलं नाही. मग कागदावर लिहून दिलं. त्यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

त्यानंतरचा दीड आठवडा आम्ही दोघांनी काढला. मी भरायचो, घासायचो, ते मोज्यानं बघायचे आणि पेन्सिलीनं गोल काढायचे. गोल लहान होत गेले. एका रविवारी त्यांनी पेन्सिल उचललीच नाही. मग टाचणीच्या भोकांवर पातळ फाइन पुट्टी, सरफेसरचे, म्हणजे प्रायमरचे, तीन हात, पुन्हा काळा फवारा, ४०० चा पाणी पेपर, मग ६००. ओल्या पृष्ठभागावर ट्यूबचं प्रतिबिंब पडतं ते मी हलवून बघत होतो. रेघ कुठं तुटते का, कुठं वाकते का. ती कडीपासून पाठीपर्यंत वाहत गेली.

रेक्झिन चढवावं असं मित्र म्हणाला होता. रेक्झिनखाली १२० पर्यंतचं काम पुरतं, बाकी सगळं झाकलं जातं. खरंच शहाणपणाचा सल्ला होता, आणि घाईत असणाऱ्याला मीही तोच देईन. मी मॅट काळा रंग मारला. चकचकीत काळा डाव्या आरशात डोळ्यांवर आला असता.

गेल्या रविवारी अण्णांना घेऊन त्र्यंबक रोडनं निघालो. अभंग लावला. मी काहीच बोललो नाही, त्यांनीही नाही. सातपूर मागं पडलं. पहिल्या चरणानंतर त्यांनी मान थोडी डावीकडे कलती केली.

“चिपळ्या कोण वाजवतंय?”

चिपळ्या त्यात नव्हत्या. टाळच होते. त्यांच्यापर्यंत ते तेवढेच, वाळलेले, लाकडी होऊन पोचत होते. मी आवाज वाढवला नाही. म्हटलं, “आहेत दोघं-तिघं.” पिंपळगाव बहुला येईपर्यंत त्यांचा अंगठा आणि मधलं बोट मांडीवर ठेका धरून होते.

उजव्या दाराचा पॉड आता ८० च्या पेपरवर आहे. रोहिणी लागायच्या आत सरफेसर मारून व्हायला हवा, नंतर हवेत दमटपणा येतो आणि लांबीवर भरवसा राहत नाही. अण्णांनी मोजा धुतलाय. गच्चीवर दोरीवर वाळतोय.